‘नको’ म्हणणाऱ्याचा पगार

माझी मावसबहीण सरकारी विद्यापीठात जिऑलॉजीत एमएस्सी करते. घरातल्या प्रत्येक लग्नात तिला एकच प्रश्न येतो, ‘ह्याला स्कोप काय?’ मी इंजिनियरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, मला हे कधी कुणी विचारलं नाही. पण त्या खोचक प्रश्नाच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. जे शिक्षण बाजारात सहज विकलं जात नाही, त्यावर लोकांच्या कराचे पैसे का घालावेत? आणि घातलेच, तर शिकणाऱ्याने ते फेडायचे कसे?

आधी ती शिकते काय ते बघू. दगडाचा काप घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणायचा. मग त्यातून प्रकाश आरपार जातो आणि मायक्रोस्कोपखाली खनिजं ओळखता येतात. हातोडा, भिंग आणि कंपास घेऊन भर उन्हात घाट चढायचे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर साचलेला. त्यातला घट्ट पाषाण पाणी धरत नाही. पाणी असतं भेगांत, मुरमात आणि सच्छिद्र थरात, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. त्यामुळे बांधापलीकडच्या विहिरीला पाणी आहे म्हणून अलीकडे लागेलच, असं काही नाही.

आता बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याकडे बघा. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो, नारळ उभा राहतो, तो पैसे घेऊन जातो. बोअरची गाडी येते, तिचा हिशोब फुटावर. जितकं खोल, तितकं बिल. या साखळीत प्रत्येकाची कमाई ‘हो, खोदा’ यावर आहे. जिऑलॉजीचं सर्वांत प्रामाणिक उत्तर मात्र पुष्कळदा ‘इथे नको’ असं असतं. त्याने शेतकऱ्याचं कर्ज वाचतं, पण त्या उत्तराचं बिल कुणाच्या नावाने फाडणार?

तेल, कोळसा, सिमेंट या धंद्यांत जिऑलॉजिस्टला चांगला पगार मिळतो, हे खरं आहे. पण तिथेही त्याला मुख्यतः ‘इथे आहे’ हे शोधण्यासाठीच ठेवलेलं असतं. बाजार होकार विकत घेतो. नकार जर हवा असेल, तर त्याचा पगार सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो. सरकारी विद्यापीठात हा विषय का हवा, याचं माझ्या मते एवढं उत्तर पुरेसं आहे. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ वगैरे म्हणायची गरजच नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. नंतर सरकारकडून सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षातच शिकवतात, शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलेलंच नाही. ‘यादीत नाही’ या दोन शब्दांत हे दोन्ही मावतात, आणि ऐकणारा दरवेळी ‘धोका नाही’ असाच अर्थ घेतो.

किल्लारीचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा देशाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. गणपती विसर्जन करून लोक दगड-मातीच्या जड भिंतींखाली झोपले होते. २००२ मध्ये नवा नकाशा आला आणि तो पट्टाच काढून टाकला गेला. भूकंप कुणी टाळू शकलं नसतं, मान्य. त्याचा दिवसही कुणी सांगू शकलं नसतं. पण नकाशातला फिका रंग कुणीतरी ‘निर्धास्त राहा’ असा वाचतो, आणि तो रंग किती माहितीवर भरलाय हे विचारणारी माणसं समाजाला मुद्दाम तयार करावी लागतात. कुठल्या डोंगरावर माणूस पाठवायचा नाही हे बजेटमध्ये ठरतं, रिकाम्या राहिलेल्या पदांवर ठरतं. म्हणून आपलं अज्ञान नेहमीच निष्पाप असतं, असं मला म्हणता येत नाही.

मग परतफेडीचं काय? मावसबहिणीच्या वर्गातले काहीजण आतापासूनच कोडिंग शिकतायत. ‘लोकांच्या पैशाने दगड शिकला आणि आयटीत पळाला’ असं त्यांना म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. काम द्यायचं नाही आणि निष्ठा मागायची, हा कसला करार? फीची सवलत म्हणजे वेठबिगारी नव्हे.

तरी एक देणं उरतंच, आणि ते नोकरी बदलून सुटत नाही. रिसॉर्टच्या रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तोडलेला मला दिसला, तर मी फोटो काढून पुढे जाईन. मला फक्त लाल माती दिसते. तिला वरचा भुसभुशीत थर दिसतो, त्याचा उतार दिसतो, पावसाचं पाणी कुठून मुरेल आणि खाली कुणाची घरं आहेत ते दिसतं. ती पुढे बँकेत लागली तरी ते दिसायचं थांबणार नाही. तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचं की नाही? न विचारता, पगाराशिवाय, आणि जमिनीचा भाव पाडते म्हणून शिव्या खाऊन? मला वाटतं, सांगायला हवं. ती म्हणते, ‘सांगेन, पण ऐकणाऱ्याचंही काही देणं असतं की नाही, त्यावर लिही.’