वरून बघणारे डोळे

अंतराळवीर राकेश शर्मा म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं: इंदिरा गांधींनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी दिलेलं ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर. उत्तर लाखमोलाचं होतं, यात वाद नाही. पण त्याच्या कौतुकात त्यांचं काम झाकून गेलं. ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधून ते निघाले, सल्यूत-७ स्थानकावर राहिले आणि ११ एप्रिलला परतले. त्या आठवडाभरात भारतावरून जाताना त्यांनी इथल्या जमिनीची छायाचित्रं घेतली. मला त्या एका वाक्यापेक्षा या छायाचित्रांचं मोल अधिक वाटतं.

शर्मा मूळचे पतियाळाचे, पण त्यांची जडणघडण आपल्या घाटमाथ्यापलीकडची. महाडहून वरंधा घाट चढून भोरमार्गे पुणं गाठलं की खडकवासला जवळच. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ते १९६६ साली दाखल झाले. १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवलं. अंतराळातून आल्यावर सत्कारांवर दिवस न काढता नाशिकजवळ ओझरला नव्या विमानांच्या चाचण्या घेत राहिले. २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला हेही खडकवासल्याचेच छात्र.

महाड-पोलादपूरच्या माणसाला या वरून बघण्याचं अप्रूप का असावं? २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड कोसळली. शर्मांच्या वेळचा कॅमेरा ढगापुढे हतबल होता, आणि आपला डोंगर नेमका ढगाखालीच सुटतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून झेपावलेला निसार उपग्रह रडारने बघतो. त्याला ढग अडवत नाहीत, अंधारही नाही. तीच जमीन तो दर बारा दिवसांनी पुन्हा मोजतो आणि काही सेंटिमीटरची हालचालही टिपू शकतो. हळूहळू सरकणारा उतार त्यातून आधी ओळखता येईल, ही मोठीच सोय.

पण मुसळधार पावसात दरड एका रात्रीत सुटते, ती बारा दिवस थांबत नाही. शिवाय उपग्रहाची माहिती वाडीपर्यंत पोचायला मध्ये किती टेबलं लागतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या रात्रीसाठी खालचेच डोळे लागतात. तेव्हा मंडळी, मृग लागायच्या आत एकदा घरामागच्या उतारावर चढून या. जमिनीला भेग गेली असेल, झाडं किंवा विजेचे खांब कलले असतील, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येत असेल, तर तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. आणि पाऊस दोन-तीन दिवस न थांबता कोसळू लागला, तर दवंडीची वाट न बघता घरातली म्हातारी माणसं आणि पोरं अंधार पडायच्या आधी हलवा.