दर्भाचा कावळा

माझा देवावर विश्वास नाही, असे मी चारचौघांत सांगत आलो. हिचा होता; त्यामुळे घराला एकंदर पुरत होता. ती गेली आणि पंचाईत झाली. दहाव्याला नाशिकला रामकुंडावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना!

"इच्छा राहिली असेल. शब्द द्या," भटजी म्हणाले. मुलगा म्हणाला, "बाबांना सांभाळीन." कावळा ढिम्म. लेक म्हणाली, "आम्ही भांडणार नाही." त्याने मान फिरवली. (अनुभवी असावा.) अंधश्रद्धेवर जन्मभर व्याख्याने झोडणारा माझा मित्रही हळूच पुटपुटला, "वहिनी, सिगारेट सोडतो." शेवटी मी म्हणालो, "तुझ्या मोगऱ्याला पाणी घालीन."

कावळा उडून गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवविला. शास्त्रात तीही सोय आहे. पूर्वजांना कावळे पुरते ठाऊक असणार.

१६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी देहूचे पडके देऊळ उभारले. पण त्यांना विठ्ठल होता. आमच्याकडे एक कुंडी.

रोज सकाळी पाणी घालतो. ऐकणारे कोणी नाही, हे माझे मत कायम आहे. मग शब्द दिला कुणाला? ठाऊक नाही. पण एक दिवस चुकलो, तर रात्री अकराला उठून तांब्या घेऊन गॅलरीत गेलो.

मित्राची सिगारेट काही सुटली नाही. आमच्या गॅलरीत मात्र तो मोगऱ्याकडे पाठ करून ओढतो.