आजचं चिंतन: गोरोबाकाकांचं थापटणं

परवा ऑफिसमधून निघायला उशीर झाला, म्हणून पवईतच एका टपरीवर कुल्हडमधला चहा घेतला. चहावाला ओतण्याआधी प्रत्येक कुल्हडाला नखाने टिचकी मारत होता. बद्द वाजला की बाजूला. बघताना गोरोबाकाका आठवले आणि चहा काही गोड लागेना. का, ते सांगतो.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. तेरला काकांच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताईने थापटणं बघून विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते कळायला, काका म्हणाले. मग आम्हालाही तपासा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत, नामदेव महाराज तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

कीर्तनात इथे हशा पिकतो. मला मात्र लहानपणापासून हे टोचायचं. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खातो, त्याला चारचौघांत कच्चा म्हणायचा अधिकार कुणाचा? आणि लागलं म्हणून कळवळणं हा काय गुन्हा आहे?

मग कुंभारकाम थोडं समजून घेतलं. थापटणं मुळात तपासायचं हत्यारच नाही, ते घडवायचं आहे. चाकावरून मडकं उतरतं तेव्हा जाडजूड असतं. अर्धवट सुकलं की कुंभार आतून एका हाताने दगडी गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जातो. त्यानेच भिंत पातळ होते, बूड गोल होतं. आतला हात काढला तर त्याच ठोक्याने मडकं फाटेल.

चीनमध्ये यिशिंग गावच्या जांभळट मातीच्या चहाच्या किटल्या प्रसिद्ध आहेत. त्याही बहुतेक चाकावर नाही, मातीचे पत्रे लाकडी फळीने थोपटून घडवतात. आत बोटांचा आधार, बाहेर फळी! गू जिंगझोऊ (१९१५–१९९६) हे तिथले मोठे उस्ताद. त्यांनी नुसत्या किटल्या नाही केल्या, तिथल्या कारखान्यात शिकाऊ मुलंमुलीही घडवली. या किटलीला आतून झिलई नसते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं चहा मुरवून घेते. म्हणून जाणकार एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. (आपण एका मनात किती काय काय उकळतो, ते जाऊ दे.)

आता माझं. गेल्या वर्षी टीममधल्या एका ज्युनिअरला मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "तू अजून तयार नाहीयेस." ते खरंही होतं. पण नंतर मी त्याच्या शेजारी बसलो नाही, काय कमी आहे ते दाखवलं नाही. दोन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. मला तेव्हा आपण स्पष्टवक्ते आहोत असं वाटत होतं. खरं तर मी चहावाला होतो. टिचकी मारली, बाजूला ठेवलं.

नामदेवांना कुणी बाजूला ठेवलं नाही. ते रडत विठ्ठलाकडे गेले, आणि ज्याने लाड केले त्यानेच औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठवलं. गुरू मिळाला. पुढे ते पंजाबपर्यंत गेले, गुरु ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं आहेत. ठोका बसला तेव्हा आत हात होता. आणि मारणारे कोण, तर परंपरा सांगते की भजनाच्या तंद्रीत ज्यांच्या पायाखाली स्वतःचं बाळ तुडवलं गेलं, ते काका. (त्या प्रसंगावर लिहायची माझी अजून हिंमत नाही.) त्यांनी आपणहून कुणाला मारलं नव्हतं, मुक्ताईने सांगितलं म्हणून मारलं. मला कुणी सांगितलं होतं?

कच्चं म्हणजे वाईट, असं आपण उगाच धरून बसतो. कच्चं मडकं पाण्यात टाका, त्याची पुन्हा माती होते, पुन्हा चाकावर चढते. भाजलेलं फुटलं की खापरंच. नामदेव कळवळले, कारण ओल शिल्लक होती. मी त्या मीटिंगमध्ये किती भाजून कडक झालो होतो, कोण जाणे.

त्या मुलाचा नंबर अजून फोनमध्ये आहे. काल रात्री दोन ओळी टाइप केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. आज संध्याकाळी हरिपाठ झाला की मेसेज नाही, फोनच करतो. तो चिडला तर चिडू दे, ऐकून घेईन.

राम कृष्ण हरी.