विटाळ, सोवळे आणि आरोग्य
नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्ती यांत रा. चिं. ढेरे यांच्या 'लज्जागौरी' (1978) या ग्रंथाने भूमीच्या सृजनशक्तीची उपासना पाहिली. मग जेथे सृजनाचे द्वार म्हणून योनी देवतारूप झाली, तेथेच जिवंत स्त्रीला 'अंगावरून पांढरे जाते' एवढे सांगतानाही आवाज का खाली आणावा लागतो? उत्तराचा एक धागा सोवळ्या-ओवळ्यात, म्हणजे देहाच्या स्रावाला विटाळ मानण्यात सापडतो. विटाळाशिवाय कोणताच देह घडत नाही, हा संत चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांचा चौदाव्या शतकातील युक्तिवाद आजही बिनतोड आहे, आणि देह मुळात अशुद्ध नाही, याला शरीरशास्त्रही दुजोराच देते: योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू तेथील आम्लता टिकवून (सामू साधारण 3.8 ते 4.5) रोगजंतूंना रोखतात, म्हणून 'शुद्धी'साठी साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुणे अपायकारक ठरते, बाहेरून साधे पाणी पुरते. दह्यासारखा स्राव व खाज, माशासारखा वास किंवा पाळी कायमची गेल्यावरचा रक्तस्राव ही मात्र पापाची नव्हे, तपासणीची बाब होय. राणी बंग यांच्या 1989 साली प्रसिद्ध झालेल्या गडचिरोलीतील अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. मराठवाड्यातील मौन याहून फार निराळे असेल, असे मानण्यास आधार नाही.