आंधळा, अंध आणि नंतरचे शब्द

‘आंधळा’ हा शब्द मुळात अपमानाचा नाही. संस्कृत ‘अंध’ला प्राकृतात ‘ल’ लागून ‘अंधल’ झाले आणि त्यातून मराठीचा ‘आंधळा’ आला. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात हाच प्रत्यय ‘पीत’लाही लावला आहे, आपला ‘पिवळा’ त्याच वाटेने आलेला. अर्थात काडीचीही भर न घालणारा हा प्रत्यय आहे. तेव्हा ‘पिवळ्या’त जेवढी हेटाळणी, तेवढीच जन्मतः ‘आंधळ्या’त.

हेटाळणी आली ती वापरातून. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ या म्हणीत दळणारे माणूस थेट नपुंसकलिंगात जाऊन बसते. ‘आंधळा कारभार’ म्हटले की अक्कलशून्यता कळते, न दिसणे नव्हे. त्यात मराठी आदर दाखवते तो सर्वनामातून आणि क्रियापदातून. ‘आंधळा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो, ‘अंध’ बदलत नाही. ‘ते आंधळे आहेत’ हे वाक्य व्याकरणाने चोख असले तरी कानाला टोचते. ‘ते अंध आहेत’ सहज चालते. विसाव्या शतकात तत्सम ‘अंध’ स्थिरावला, त्यात या सोयीचाही वाटा असावा. मुंबईत ताडदेवला १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली, पुढे पुण्यातही अंधशाळा आली, आणि ‘अंध’ला शिक्षणाची, हातमागाची, ब्रेलची संगत मिळाली.

गौरवाचे शब्द त्याहून जुने आहेत. महाभारतात धृतराष्ट्राला ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले आहे. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) याच बिरुदाने ओळखले जातात. महाराजांना ते शोभते. पण एसटीतल्या राखीव आसनावर ‘प्रज्ञाचक्षूंसाठी’ असे लिहिता येत नाही, कारण तिथे बसणाऱ्याला प्रज्ञा नव्हे, जागा हवी असते. ‘सूरदास’चे तर आणखी अवघड: समोरच्याला गाता येते, हे गृहीतच धरलेले.

पुढचा बदल मात्र सौजन्यापोटी आला नाही, मोजमापातून आला. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगळी केली. २०१६च्या कायद्यात अंधत्वाची मर्यादा ३/६० आहे: निकोप डोळ्याला ६० मीटरवरून जे दिसते, ते चष्मा लावूनही, दोन्हींतल्या बऱ्या डोळ्याला, तीन मीटरवरूनही दिसत नसेल, तर कायद्याने ती व्यक्ती अंध. म्हणजे कायद्याने अंध असलेल्या कित्येकांना उजेड, आकार, अगदी जवळची मोठी अक्षरेही दिसू शकतात. पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा तरुण पलीकडे पोचल्यावर मोबाइल नाकाशी धरून वाचू लागला, की बघे त्याला ढोंगी ठरवतात. ‘अंध’ म्हणजे मिट्ट काळोख, एवढेच त्यांना ठाऊक असते. ‘अंशतः अंध’, ‘अल्पदृष्टी’, ‘दृष्टिबाधित’ या शब्दांची खरी गरज इथे आहे.

‘दृष्टिबाधित’ हिंदीतून आला. तिकडे ‘बाधा’ म्हणजे अडथळा. मराठीत ती विषाची होते, भुताची होते. ‘दृष्ट लागणे’ जिथे अजून जिवंत आहे, तिथे ‘दृष्टिबाधा’ ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे मीठमोहऱ्या आल्या तर त्याला दोष देता येणार नाही. तरी कार्यालयीन मराठीत शब्द रुळला आहे.

डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ सुचवला. केंद्राने आणि राज्याने पाट्या बदलल्या. महाराष्ट्रात आता दिव्यांग कल्याण विभाग आहे. अपंगांच्या अनेक संघटनांनी मात्र हरकत घेतली: दिव्यत्व बहाल केले की रॅम्प, ब्रेल पुस्तके, नोकरी यांचा हिशेब मागे पडतो. अंधांच्या बाबतीत तर विसंगती जुन्या कथेतच आहे. व्यासांनी देऊ केलेली दिव्यदृष्टी धृतराष्ट्राने नाकारली, ती संजयाला मिळाली; तरी दोघांतला राजा धृतराष्ट्रच होता.

अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेने १९९३ साली ठराव करून आडवळणाचे सौम्य शब्द झिडकारले. सरळ ‘ब्लाइंड’ म्हणा, त्यात लाजण्यासारखे काही नाही, ही तिची भूमिका. इंग्रजीत ‘व्यक्ती’ आधी की ‘अंध’ आधी, यावर बराच काथ्याकूट झाला. मराठीत विशेषण नामाच्या आधीच येते, त्यामुळे ‘अंध व्यक्ती’ला दुसरा क्रम नाही. इथला प्रश्न निराळा: ‘व्यक्ती’ गाळून नुसते ‘एक अंध’ म्हणावे का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये ‘आंख मिचौली’ या चित्रपटाच्या प्रकरणात (त्यात रातांधळेपणा हा विनोदाचा विषय होता) ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ या वळणाची भाषा टाळण्यास सांगितले. ती माणसाआधी त्याचे दुःख ठरवून टाकते.

बँकेच्या खिडकीवर मात्र आजही अंध खातेदार समोर उभा असताना त्याच्या सोबत्याला विचारले जाते, “यांना सही करता येते का?” ‘यांना’ हे सर्वनाम आदरार्थीच आहे.