दाईच्या हातून पडलेले लेकरू

शास्त्रपाठ : २ शमुवेल ४:४ आणि अध्याय ९



मफीबोशेथाची गोष्ट आपण संडे-स्कूलमध्ये सांगतो ती बहुधा दावीद राजाच्या मेजापासून. शास्त्रात मात्र ती पाच अध्याय आधी, एकाच वचनात सुरू होते. तेथे राजा नाही, मेज नाही. आहे ती पळापळ. शौल व योनाथान पडल्याची बातमी इज्रेलाहून आली, दाईने पाच वर्षांच्या लेकराला उचलले व ती धावत सुटली. त्या घाईत ते तिच्या हातून पडले. दाईला आम्ही दोष देत नाही. ती त्याला वाचवायलाच धावत होती. तरी लेकराचे पाय गेले ते कायमचे.

हे वचन वाचताना आम्हांला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड धाबे त्यांच्या अंगावर आले. आठ ते दहा हजार माणसे गेली. हैदराबादेकडील आपल्या लोकांनाही तो धक्का जाणवला होता. मग मदत आली, ती पुष्कळ आली. कितीतरी गावे नव्या जागी वसवली गेली. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, हे मोठेच काम झाले. त्या पहाटे जे मूल पाच वर्षांचे होते, ते आज चाळिशीजवळ आले आहे. त्याच्या घरात आता त्याची स्वतःची मुले आहेत.

मफीबोशेथही दावीदासमोर आला तेव्हा त्याला मीखा नावाचा मुलगा होता, म्हणजे मध्ये बरीच वर्षे गेली होती. इतकी वर्षे तो लो-दबारात, दुसऱ्याच्या घरी राहत होता. तो आपण होऊन मदत मागायला आला नाही. राजासमोर उभा राहिल्यावरही त्याने स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा दिली. शरीराने लंगडा झालेला मनाने काय झाला होता, ते या एका बोलण्यावरून कळते. शौलाच्या घराण्यात अजून कोणी उरले आहे काय, ही चौकशी दावीदाने केली, आणि तीही इतक्या उशिरा. आमचे सारे सांगणे या चौकशीविषयी आहे. आमच्या मंडळ्यांत कांबळी आणि धान्य पहिल्या महिन्यात गोळा होते; पाचव्या वर्षी कोणी विचारत नाही.

उशीर झाला म्हणून विचारणे व्यर्थ ठरत नाही. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप होऊन सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. तेथील ग्युम्री शहरातल्या काही शाळांत, दीड वर्ष उलटल्यावर, जाणत्या लोकांनी मुलांशी त्यांच्या भीतीविषयी व दुःखाविषयी पद्धतशीर बोलणे केले. पाच वर्षांनी पाहता, ज्यांना ही मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा या मुलांची मनःस्थिती बरी आढळली.

बहुतेक मुले हळूहळू सावरतात. घर, शाळा, वेळेवर जेवण आणि भरवशाचे एक वडीलधारे माणूस मिळाले तर अधिक लवकर. काही मात्र आत अडकून राहतात. लहान मूल अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, घर पडण्याचा खेळ पुन्हा पुन्हा खेळते. मोठा मुलगा चिडका होतो, अभ्यासात मागे पडतो, आणि आपण त्याला उनाड म्हणून मोकळे होतो! कित्येक मुले आईबापांना आणखी दुःख नको म्हणून गप्प बसतात. त्यांना जबरदस्तीने बोलते करू नये. बोलू लागली तर मध्येच प्रार्थना सुरू करून त्यांचे तोंड बंद करू नये, हेही शिक्षकांना सांगावेसे वाटते.

आणखी एक. देवाने पापाची शिक्षा केली, असे मुलासमोर कोणी बोलू नये. लहान मुले आधीच समजून बसतात की आपण खोटे बोललो म्हणून हे झाले. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती हे म्हणणे प्रभूने साफ नाकारले आहे (लूक १३:४-५).

दावीदाच्या मेजावर मफीबोशेथाला नित्याची जागा मिळाली. पाय बरे झाले नाहीत. अध्याय संपतो तेव्हाही तो लंगडाच आहे. त्याचे पाय कधी बरे होणार, असे राजाने विचारल्याचे कोठे लिहिलेले नाही. ज्याची झोप महिनोन्‌महिने उडाली आहे, जो जगणे नको म्हणतो, त्याला मात्र डॉक्टरांकडे न्यावे. यात विश्वासाची उणीव नाही. सरकारची ‘टेली मानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पाळकांनी तो उपासनेच्या वेळी वाचून दाखवावा.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. तेव्हा पाच वर्षांची असलेली मुले आता संडे-स्कूलच्या वरच्या वर्गांत बसतात. पावसाळ्यात एखाद्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांच्यापैकी एकेकाला जवळ बसवून घ्यावे, आणि रात्री पाऊस लागला की तुला झोप येते का, एवढेच विचारावे.