बांधापलीकडचं गणित

खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ची लढाई आठवते. आम्हा इथल्यांना आधी शाळू ज्वारी आठवते. काढणीच्या वेळी शेतातून फिरून बियाण्यासाठी ठसठशीत कणसं निवडायची आणि वेगळी बांधून ठेवायची, ही घरोघरची रीत होती. दाणा टपोरा आणि कडबाही भरपूर, हे दोन्ही गुण पुढच्या पिढीत सोबत उतरतील का, हा प्रश्न त्या निवडीत असायचाच. त्याच्या उत्तराला गणित लागतं, हे मला फार उशिरा कळलं.

एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं जवळ असली की बहुधा जोडीनंच पुढे जातात. लांब असली की दोन गुणसूत्रांत मध्येच होणाऱ्या तुकड्यांच्या अदलाबदलीत ती जोडी तुटते. किती वेळा तुटली हे मोजून त्यांच्यातलं अंतर काढता येतं. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर जोडी पुन्हा जुळलेली दिसते आणि मोजणी फसते. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९च्या सूत्रात या अदलाबदलींचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं. प्रत्यक्षात एक झाली की तिच्या जवळपास दुसरी सहसा होत नाही. ही अडवणूक हिशेबात घेणारं सूत्र १९४४ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दिलं. शंभरात वीस वेळा जोडी तुटत असेल, तर हॉल्डेन यांच्या सूत्रानं अंतर साडेपंचवीस येतं, कोसंबींच्या सूत्रानं सव्वाएकवीसच्या आसपास.

तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला हा माणूस जुनी नाणी वजन करून त्यांची झीज मोजायचा, पायी हिंडून दगडी हत्यारं गोळा करायचा आणि भर्तृहरीच्या पोथ्या ताडून पाहायचा. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना गणितातलं रीमानचं गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा टिकला नाही आणि १९६२ मध्ये तिथला करारही संपला. पण जनुकांच्या नकाशावर त्यांचं नाव कायम राहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आमच्या शिवारात पिढ्यान् पिढ्या आहे. पाण्याचा ताण सोसणारे गुण शोधण्यासाठी तिचे संकर करून जनुकीय नकाशे केले गेले. असे नकाशे करताना अंतर कोसंबींच्या सूत्रानं काढायचा प्रघात आजही आहे.

कोसंबींच्या एवढ्या कामात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या विषयाचा बांध ओलांडून ते जीवशास्त्राच्या रानात गेले आणि तिथल्या लोकांना रोज लागेल अशी वस्तू देऊन आले. आपल्याकडे तो बांध अकरावीतच घातला जातो. डॉक्टर व्हायचंय तर गणित कशाला, इंजिनिअर व्हायचंय तर जीवशास्त्र कशाला, असं म्हणत सोळाव्या वर्षी अर्धं शास्त्र सोडून दिलं जातं. साथ कशी पसरते, पिकाची वाढ कुठे अडते, हे प्रश्न दोन्ही विषय येणाऱ्याच्याच हाती लागतात. आणि ज्वारीच्या रानात वाढलेल्या मुलाला त्यातले कितीतरी आधीच ठाऊक असतात.

जामखेड तालुक्यातल्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे: पोरीचा-पोराचा अकरावीचा अर्ज भराल, तेव्हा गणितही राहू द्या आणि जीवशास्त्रही.